तीन गोदामं, तीन चष्मे

हनीफचाचांचे चष्मे तीन होते आणि हवा तेव्हा एकही सापडत नसे. एक शहाद्याच्या गोदामात, एक विसरवाडीला, एक वर तोरणमाळला. बरोबर न्यायची कटकट नको म्हणून केलेली ही सोय. पण कपाळावर चढवलेला चष्मा चाचांबरोबर गाडीत बसून पुढच्या गावी जाई आणि शेवटी तिन्ही विसरवाडीत जमत.

"देख बेटा," ते मला म्हणत, "ढेपनं बी असंच व्हस. माल आठे, गिऱ्हाईक तठे."

चाचा गुराढोरांची ढेप आणि मीठ घाऊक विकत. मी त्यांच्याकडे कामाला लागले ती आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. म्हणून, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. गोदामं किती असावीत, हा आमचा रोजचा विषय. चहा थंड व्हायचा, विषय नाही. "एक ठेवं ते गाडी पयस, तीन ठेवं ते माल झोपस," म्हणजे एक गोदाम ठेवलं तर गाडी पळत राहते, तीन ठेवली तर माल पडून राहतो, असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहत. जणू उत्तर माझ्या पदवीतच कुठेतरी बांधून ठेवलं आहे.

एकदा मी स्पष्टच सांगितलं, विसरवाडी हायवेवर आहे, शहाद्याहून गाडी केव्हाही पोचते, तिथे वेगळा साठा कशाला? ते त्यांचं पहिलं गोदाम. चाचा बराच वेळ कुलपाशी चाळा करत बसले.

"खरं शे. बंद कर."

"आणि तोरणमाळ? तिथे तर खप आणखी कमी."

"पावसामा घाट बंद व्हई ते मीठ कोन लई जाई? तू?"

"मी बी.कॉम. आहे चाचा, हमाल नाही."

ते खदखदून हसले. तोरणमाळ राहिलं. विसरवाडी बंद झाल्यावर एक चष्मा दोरी लावून त्यांच्या गळ्यात आला, एक घरी गेला, एक त्यांनी वरच ठेवला.

यंदा चाचा गेले. तोरणमाळही आवरायचं का, हे ठरवायला त्यांच्या मुलाने मला वर पाठवलं. गोदामाच्या कोनाड्यात चाचांचा चष्मा होता. पडून राहिलेला माल, माझ्या मनात आलं. मी तो उचलला, तोच गोदाम सांभाळणाऱ्या रूमाबाई म्हणाल्या, "राहू द्या ताई. पोती शिवताना सुईत दोरा ओवायला हाच चष्मा लागतो. पाड्यावरच्या बायाही येतात, ओवून परत ठेवतात."

"चाचांना माहीत होतं?"

"तेच बोलले, खाली नेला तर पुन्हा वर कोण आणणार?"

मी काच पदराने पुसली, चष्मा कोनाड्यात ठेवला आणि विचारलं, "घाट बंद व्हायच्या आत मिठाची गाडी कधी पाठवू?"