हा घास तुझ्या हवाली

माझ्या आठ वर्षांच्या गौरीला पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक सैल व्हायचा. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, आणि सारखे जुलाब. आम्ही कराडजवळच्या खेड्यात राहतो. मालक सैन्यात, तेव्हा सीमेवर होते. जंताची औषधं झाली, रक्तवाढीची झाली, कशाचाच गुण येईना. शेजारणी दबक्या आवाजात कॅन्सरचं नाव घ्यायच्या. गौरी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय का बघायची. दर सोमवारी संगमावरच्या महादेवाला जायची, ती भक्तीपेक्षा भीतीनेच. तो ऐकतो का, याचीच शंका यायला लागली होती.

अशाच एका सोमवारी घाटाच्या पायरीवर मी तिला दुधात कुस्करलेली चपाती भरवत होते. शेजारी बसलेली एक अनोळखी म्हातारी बराच वेळ बघत होती. तिने गौरीच्या पोटाची चौकशी केली आणि म्हणाली, "बाई, माझा नातू असाच वाळला हुता. त्येला गहू सोसत न्हवता. सांगलीला पोटाच्या डाक्टरला दाव एकदा." मी गौरीचं तोंड पुसून वळले, तोवर ती निघून गेली होती.

सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सिलिॲकचा संशय आहे म्हणाले. या आजारात गव्हाने आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पण दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून बघेपर्यंत गहू थांबवायचा नाही, नाहीतर आजार नीट दिसणार नाही.

ज्याने लेक झिजत होती, तेच मी तिला भरवत होते. सासूबाईंनी एकदा ताट ओढून घेतलं. "इख हाय म्हनतीस, आन पोरीला चारतीस व्हय?" मी ताट परत घेतलं. गौरी पोट धरून म्हणाली, "आई, नको गं." मी घास तिच्या ओठांशी नेला. मी डोळे मिटून मनात म्हटलं, देवा, हा घास तुझ्या हवाली. त्या क्षणी पहिल्यांदाच मी त्याच्याकडे काही मागितलं नाही.

तपासणीत सिलिॲकच निघाला. गहू, रवा, मैदा, बिस्किट, सगळं जन्मभर बंद. पण कॅन्सर नाही, या सुटकेने मी दवाखान्याच्या व्हरांड्यात इतकी रडले की सासूबाईंना वाटलं, पोरगी हातची गेली. खरं कळल्यावर, गव्हाचा कणही लागू नये म्हणून त्यांनीच गौरीसाठी वेगळा तवा आणला आणि ज्वारीही वेगळी दळायला सुरुवात केली. हळूहळू तिचं पोट उतरलं, गालांवर रंग आला.

त्या म्हातारीला मी पुढे कितीतरी सोमवार शोधलं. ती पुन्हा दिसली नाही, आणि तिला कोणी धाडलं हे मी कुणाशी वाद घालून सांगत नाही. फक्त हात जोडते. भीती संपलेली नाही. लग्नात कुणी गौरीच्या हातावर रव्याचा लाडू ठेवला की मी धावत जाऊन तो काढून घेते. पण सगळं माझ्याच हातात नाही, हे मान्य केल्यापासून रात्री डोळा लागतो.

परवा जेवताना गौरीने ताट पुढे केलं. "आई, अजून अर्धी भाकरी वाढ." वाढताना माझे डोळे भरून आले.