ग्वेलीच्या मुठीतलं

कीलुंग बंदरावरच्या टेकडीवर ग्वेलीबद्दल काय वाट्टेल ते बोलतात. तिच्या हाताला पाप चिकटलंय, तिने बसवलेली भिंत माणूस खाते, बापही असाच होता. यातले निम्मे लोक रोज सकाळी तिनेच बसवलेल्या टाईलवर उभं राहून आंघोळ करतात आणि एक थेंब खालच्या मजल्यावर जात नाही. ते मात्र कोणी बोलत नाही. म्हणून झालं ते पहिल्यापासून सांगायला पाहिजे.

ग्वेली छप्पन्न वर्षांची. बुटकी, खांदे रुंद, दात सुपारीने लाल, उजवा अंगठा सिमेंटने कायमचा फाटलेला. बाप थोसाई हा जुना गवंडी. दोन्ही भाऊ बंदरावर क्रेन चालवायला गेले आणि बापाची थापी हिच्या हातात आली. नवरा होता, पण तो विषय ती एका वाक्यात संपवायची. "त्याला ओल सोसली नाही." कीलुंगला वर्षातले सहा-सात महिने आभाळ गळत असतं. भिंतीला घाम फुटतो, कपाटातले कपडे हिरवे होतात. त्यामुळे गवंड्याला इथे काम कमी नाही.

काम मिळायचं, पण पैसे काढायला जीव जायचा. न्हाणीघर फोडून ठेवलेलं असतं तोवर गिऱ्हाईक ताई ताई करतं. काम झालं की तोंड फिरतं. त्यात मिस्त्री बाईमाणूस. "ताई, तुम्ही एकट्या, तुम्हाला किती लागतं?" असं तोंडावर बोलायचे.

यावर बापाची एक युक्ती होती. शेवटची एक टाईल बसवायची नाही. दारामागे, खाली, कोपऱ्यात ती जागा उघडी ठेवायची. पैसे मिटले की बसवायची. आणि वाद निघाला तर तोंड बंद. एक शब्द नाही. खिशात हात घालायचा, मूठ बाहेर काढायची, गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचं आणि त्या खड्ड्यात मूठ उघडायची. वर कालवलेल्या सिमेंटचा माल, मालावर टाईल, थापीच्या दांड्याने तीन ठोके. मग सावकाश हात धुवायला जायचं.

मिस्त्र्याला नाडलं तर तो भिंतीत काय ठेवून जातो हे टेकडीवरच्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक. फुटक्या वाटीचा तुकडा, उलट्या तोंडाची कागदाची होडी, सुई. मग घराला घरघर लागते. म्हणून तर जुन्या काळी मिस्त्र्याला दुपारी तीनला गरम खायला द्यायचेच, कितीही गरिबी असो. ग्वेलीचे हात धुऊन व्हायच्या आत पाकीट उघडलेलं असायचं. मग ती ओली टाईल परत काढायची, बोट फिरवायची, मूठ खिशात टाकायची. "झालं. काढलं."

मुठीत काय असायचं? काहीच नाही. कधीच नाही. बापाने मरताना घर दिलं नाही, पैसा दिला नाही, एवढंच सांगितलं, "खरंच काही ठेवायला लागलीस ना पोरी, तर त्या दिवशी आपलं काम संपलं."

लिएनचं काम आलं ते जूनमध्ये. लिएन कस्टममधला रिटायर कारकून. प्रत्येक कागदाला दोन टाचण्या मारणारा. तिसऱ्या मजल्यावर नवरा-बायको दोघंच. बायको बिशिया चिमणीएवढी, बोलायची तेही कुजबुजत, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. पण रोज तीनच्या ठोक्याला शेंगदाण्याचं गरम गोड सूप घेऊन दारात.

"आधी खा, मग भिंत बघ."

"मालकीणबाई, रोज कशाला?"

"भिंत काय पळून चाललीय?"

ग्वेली उकिडवी बसून खायची आणि बिशिया स्टुलावर बसून बघायची. मधेच पोटावर हात दाबून दाराची चौकट धरायची. "गॅस," म्हणायची.

चौथ्या दिवशी जमीन फोडली तर खालचा जुना पाइप बोटाने चुरला. लिएन बागेत बुद्धिबळ खेळायला गेलेला. ग्वेलीने बिशियाला हाक मारली.

"हे बघा. यावर नवी टाईल लावली तर वर्षभरात खालच्याच्या डोक्यावर धार. बदलायला अठरा हजार जास्त लागतील. साहेबांना विचारा."

बिशिया त्या पाइपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बदल. मी सांगते त्यांना."

तिने सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते पस्तीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर काढलेल्या बाईलाच माहीत. जुना पाइप मलब्याच्या गाडीतून दुसऱ्याच दिवशी गेला.

शेवटच्या दिवशी लिएन टेप घेऊन आला. भिंत मापली, जमीन मापली, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे अठरा हजार कसले?"

"पाइपचे."

"कुठाय पाइप?"

"खाली."

"मला दिसत नाही."

"दिसायला लागला तर मी काय काम केलं, साहेब?"

"कोणाला विचारून बदललात?"

ग्वेलीने दाराकडे बघितलं. बिशिया सुपाची वाटी घेऊन उभी होती. तीन वाजले होते.

"मला... मला काही आठवत नाही," बिशिया म्हणाली.

ग्वेलीला राग अठरा हजाराचा आला नाही. त्या वाटीचा आला. रोज एवढ्या मायेने भरवलं आणि आज तोंड उघडत नाही. तिने तोंड मिटलं, खिशात हात घातला, मूठ काढली, पाठ केली. माल, टाईल, तीन ठोके.

मागे लिएन हसला. "माझ्यावर नाही चालणार हे, मिस्त्रीणबाई. पस्तीस वर्षं बंदरावर लोकांच्या मुठी उघडून बघितल्यात."

अशी वेळ ग्वेलीवर कधी आली नव्हती. आता टाईल परत काढली तर हा मूठ उघडून बघणार, मग मुठीत काही नव्हतं हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या टेकडीला कळणार, आणि पुढे एकही गिऱ्हाईक दबणार नाही. तिने हात धुतले, घमेलं उचललं आणि निघाली. दारात बिशियाने वाट दिली. वाटीतलं सूप तिच्या मनगटावरून ओघळत होतं. गरम होतं, पण तिला ते कळत नव्हतं. तिची नजर त्या टाईलवर.

तीन आठवडे गेले. नाक्यावरची सुपारीवाली हुईमेई पानाला चुना लावत होती. ग्वेलीला बघून हात थांबला.

"लिएनची बायको पडली म्हणे. पोटात गाठ निघाली."

"कधी?"

"सोमवारी. ऑपरेशन सांगितलंय, ती जायला तयार नाही."

"का?"

हुईमेईने पुडी बांधली आणि फळीवर ठेवली. रोज हातात द्यायची. "तूच सांग की."

त्याच संध्याकाळी लिएन आला. छत्री मिटली तरी दारातच उभा. खिशातून लाल पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"छत्तीस आहेत. दुप्पट. मिस्त्री, ते काढा."

आजवर मिस्त्रीणबाई म्हणणारा माणूस मिस्त्री म्हणाला. ग्वेलीने पाकिटाला हात लावला नाही.

"साहेब, तिथे काही नाहीये."

"तुम्ही असंच म्हणणार."

"तुम्हीच तर हसलात त्या दिवशी."

"हसलो. तेव्हा ती दोन पायांवर उभी होती. आता म्हणते, भिंतीतलं निघाल्याशिवाय दवाखान्यात पाय ठेवणार नाही. डॉक्टर म्हणतो याच आठवड्यात कापायला पाहिजे. सहा दिवसांनी चांद्र पंचांगातला सातवा महिना लागतोय, भुतांचा. भुतांचा दरवाजा एकदा उघडला की ती स्वतःला हात लावू देणार नाही, आणि घरात हातोडीही कोणाला चालवू देणार नाही."

ग्वेलीने छिन्नी उचलली.

बिशिया न्हाणीघराबाहेर खुर्चीत बसली होती. चेहरा मेणासारखा पिवळा. बाजूला भरलेली पिशवी, पायांसमोर बूट जोडून ठेवलेले. तिने ग्वेलीकडे बघितलं नाही.

ग्वेली कोपऱ्यात बसली, टाईलवर बोटाने ठोकलं. ढब वाजलं. तिच्या हातची टाईल कधी ढब वाजत नाही. रागाने, घाईने लावली म्हणून आत पोकळी राहिली, दुसरं काही नाही, असं तिने मनात दोनदा म्हटलं. छिन्नी लावली. टाईल अख्खी निघाली. आत मुठीएवढा खड्डा, सिमेंटवर तिच्याच चार बोटांचे ठसे. बाकी काही नाही.

लिएनने वरून बॅटरी मारली. "कुठाय?"

"नव्हतंच."

बाहेर गटारीत पाणी पडत होतं.

"मग सुटलं ते," बिशिया म्हणाली. "घरात फिरतंय." तिने पाय बुटांपासून मागे ओढले आणि खुर्चीवर जवळ घेतले. "मला ठाऊक होतं. माझ्या मागेच लागणार ते."

"मालकीणबाई, मी शपथ घेते."

"मीसुद्धा त्या दिवशी आठवत नाही म्हटलंच होतं," बिशिया म्हणाली.

ग्वेलीला कळून चुकलं. खरं सांगितलं तर ही बाई या खुर्चीतून उठणार नाही. खिशात सुपारीची पुडी, पेन्सिलचा तुकडा, आखणीच्या लाल सुताचं गुंडाळं आणि एक वाकडा गंजका खिळा, कुठल्या तरी जुन्या दारातला. तिने लिएनच्या बॅटरीकडे पाठ केली. "उजेड काढा, डोळ्यात जातोय." खिशातच अंगठ्याने सूत खिळ्याला गुंडाळलं. मूठ बाहेर काढली आणि खड्ड्यात घातली. आयुष्यभर केलेली तीच हालचाल. फक्त आज पहिल्यांदा मुठीत काहीतरी होतं.

"खाली सरकला होता," ती म्हणाली. वळली आणि हात उघडला.

सिमेंटची धूळ लागलेला खिळा, त्यावर लाल सूत. लिएन एक पाऊल मागे गेला. बिशियाने मात्र लांब श्वास सोडला, किती दिवस अडवून धरल्यासारखा.

"मीच सांगितलं होतं तिला," ती नवऱ्याला म्हणाली. पहिल्यांदाच नीट ऐकू येईल असं बोलली. "पाइप बदल म्हणून. तुम्ही ओरडाल म्हणून गप्प बसले."

बिशियाने पाय खाली सोडले आणि एक बूट घातला. दुसरा हातात घेतला.

लिएनची बॅटरी अजून चालू होती. उजेड खिळ्यावरून उठला आणि भिंतीवरून हळूहळू फिरायला लागला. एक टाईल, दुसरी टाईल, पूर्ण ओळ, वरची ओळ. दोनशे बारा टाईल्स, सगळ्या ग्वेलीच्या हातच्या.

"एकच होता ना?"

बिशियाचा बूट हवेतच राहिला.

"एकच," ग्वेली म्हणाली. लगेच म्हणाली, मोठ्याने म्हणाली. पण बॅटरीचा उजेड भिंतीवरून हलला नाही.

तरी बिशियाने बूट घातला. टॅक्सी खाली उभीच होती. ग्वेलीने लाल पाकिटातले अठरा काढून घेतले, बाकीचे त्याच्या खिशात कोंबले. "अठरा माझे. पाइप खरा आहे. बाकीचे दवाखान्यात लागतील." मग एकटीने ती टाईल परत बसवली, माल दाबून, आता ठणठणीत वाजेल अशी.

बिशिया वाचली, हे पहिलं सांगायला पाहिजे होतं. गुरुवारी कापलं, गाठ अख्खी निघाली, भुतांचा दरवाजा उघडायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. पण त्या न्हाणीघरात पाय ठेवेना. सातवा महिनाभर शेजारणीकडे आंघोळ करत होती. घराघरांसमोर टेबलं मांडून लोक बिनघरच्या भुतांना जेवू घालत होते आणि टेबलामागे उभे राहून ग्वेलीच्या खिळ्याबद्दल बोलत होते. खिळा आता एक राहिला नव्हता. कोणी सात म्हणायचं, कोणी म्हणायचं त्याला केस गुंडाळलेले होते. ठरलेली तीन कामं रद्द झाली. हुईमेई सुटे पैसे फळीवर ठेवून हात मागे घ्यायची.

महिना संपला त्याच्या तिसऱ्या दिवशी लिएनने दुसरा मिस्त्री बोलावला आणि अख्खं न्हाणीघर फोडलं. गल्लीच्या तोंडाशी मलबा पडला. ग्वेली तिथून जाताना थांबली. तिच्या निळ्या टाईल्स, पाठीला माल इतका घट्ट की एकही सुटी निघाली नव्हती, तुकडेच करायला लागले होते. मधोमध नवा पाइप, एका जागी चेचलेला, पण चकचकीत. तिने तो उचलला, बघितला आणि परत ठेवला. वर तिसऱ्या मजल्यावर बिशिया खिडकीत उभी होती. ग्वेलीने हात वर केला. पडदा सरकला.

नव्या मिस्त्र्याला एकही खिळा सापडला नाही. तो ते खरंखरं सगळ्यांना सांगत सुटला. त्यावर टेकडीने मान हलवली. म्हणजे बघा, किती आत ठेवते.

त्यानंतर बारा दिवस फोन वाजला नाही. तेराव्या दिवशी वाजला. नंबर अनोळखी, बंदराच्या पलीकडचा कोणी माणूस, बोलायला अगदी अदबीचा.

"ग्वेली मिस्त्री ना? तुमचं नाव ऐकून फोन केला."

"बोला. न्हाणीघर की गच्ची?"

"आमचं काही नाही हो. शेजाऱ्याकडे काम निघालंय. भिंतीवरून आमचं जरा जुनं भांडण आहे. तुम्ही त्याचं काम घ्या. दर तो म्हणेल तो. वरचे मी देतो."

"मी टाईल्स बसवते," ग्वेली म्हणाली.

"हो, हो. माहितीये." माणूस हसला, अगदी ओळखीचं हसला. "किती घेता?"

ग्वेलीचा दुसरा हात खिशात होता. तो खिळा तिने अजून टाकला नव्हता. कुठेही टाकला तरी कोणाच्या तरी दारातच पडणार.