टाकीत डोकावणारा माणूस

आमच्या मुलुंडच्या मलेरियावाल्याइतका डासांचा कट्टर वैरी अख्ख्या मुंबईत झाला नसेल. इतकी वर्षं त्याच्याबद्दल सांगायचं मी टाळलं. आता तो नाही, माझीही पंचाहत्तरी उलटली, म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात तो पालिकेतर्फे डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरायचा. आमच्या भागात नव्या इमारती उठत होत्या, आणि तेवढ्या सगळ्या टाक्या त्याला तोंडपाठ. टॉर्च मारून बघितल्याशिवाय तो कुणाच्या माठातलं पाणी प्यायचा नाही. लग्नात लोक पंगतीकडे वळले की हा स्टेजमागच्या कुंड्यांकडे. आमच्या सत्यनारायणाला तर नमस्कार करता करता कलशात डोकावला! "वैनी, रागावू नका. ही सवय मेली जात नाय." कुठे अळ्या सापडल्या की बाटलीत भरून घरच्या बाईला दाखवायचा, "बघा, तुमच्या कुंडीतली नातवंडं!" मी एकदा विचारलं, "एवढं करून तुला मिळतं काय रे? बढती?" "बढती कसली! मागच्या पावसाळ्यात तुमच्या गल्लीत एकालाही हिवताप नाय. कुणाला पत्ता तरी आहे? मला आहे."

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. टाकीचं झाकण फुटलं होतं. त्याने तीनदा सांगितलं, मी तीनदा 'बघतो' म्हटलं. चौथ्यांदा त्याने नोटीस दिली. "सेक्रेटरी झोपला होता काय?" म्हणत सभासद माझ्यावर तुटून पडले. स्वतःची लाज झाकायला मी त्याच्या वरिष्ठांना लिहून दिलं, की हा माणूस टाक्या न बघता गच्चीवर झोपा काढतो. त्याची बदली झाली, थेट मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, खाडीपलीकडच्या मनोरीला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारी घरी जाऊन हाच तिला भरवायचा. हे मला ठाऊक होतं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी तो दारात उभा. "गच्चीची चावी दे ना. नव्या माणसाचे गुडघे दुखतात, तो शिडी चढत नाय."

"तुझा आता इथे काय संबंध?"

"टाकी तीच आहे ना?"

तो वर चढला, मी खाली शिडी धरली. नवं झाकण त्याने ठोकून पाहिलं. "झकास!"

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"शेजारीण भरवते. पण कधी कधी तोंडच उघडत नाय. मी येईपर्यंत तशीच उपाशी."

"अरे, ती तक्रार..."

"कुठली?" त्याने वरून वाकून विचारलं.

"काही नाही. सावकाश उतर."