दुसराच कोणी उत्तर देतोय

इमॅन्युएल मावचीला लोक कामाला बोलावतात, जेवायला बोलावत नाहीत. कारण त्याचं तोंड. बंद पडलेला कॉम्प्युटर तो हमखास चालू करतो, त्याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण चालू केल्यावर तो कशामुळे बंद पडला होता आणि कोणामुळे, हेही चारचौघांत सांगून मोकळा होतो. नंदुरबारच्या मिरची बाजारात एका व्यापाऱ्याच्या मशीनमधली लाल धूळ काढताना, शिंका देत देत त्याने सांगितलं होतं, "शेठ, धुळीने बिघडलेलं नाही हे. तुमच्या मुलाने व्हायरस आणलाय, आणि कुठून आणला तेही दिसतंय." मुलगा शेजारीच बसला होता. त्या दुकानातून पुन्हा बोलावणं आलं ते मशीन परत बंद पडलं तेव्हाच.

"मशीन खोटं बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पुढचं अर्धं तो बोलत नाही, पण ऐकणाऱ्याला ते बरोबर लागतं. त्याची बायको प्रिस्किला म्हणते, देवाने तुम्हाला सगळं दिलं, तोंडाला झाकण तेवढं द्यायचं राहिलं. त्यावर तो म्हणतो की राहिलं नसेल, मुद्दाम ठेवलं असेल. असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे रोज आरसा पुसण्यासारखं आहे, पण तिने तो केला, आणि बरा केला.

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या सीमेला लागून, डोंगराच्या खोबणीत मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथली कॉम्प्युटरची लॅब जूनमध्ये इमॅन्युएलनेच उभी केली होती. जानेवारीत त्याला परत बोलावलं. मुलींची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्यासाठी सगळ्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची होती. एकेका मशीनपुढे बसून हे करायचं तर परीक्षा होऊन निकाल लागला असता. म्हणून त्याने नेटवर्क बूट करायचं ठरवलं. ह्यात आधी कॉम्प्युटर पार कोरा करायचा. कोरा कॉम्प्युटर सुरू झाला की तारेवर हाक घालतो, मला कोणीतरी पत्ता द्या, पुढे कुठे जायचं ते सांगा. कोपऱ्यातला सर्व्हर उत्तर देतो, पत्ता देतो आणि त्याच तारेतून सगळी सिस्टीम आत ओततो. माणसाने नुसती बटणं दाबत फिरायचं.

दुपारी त्याने दोन मशीनवर करून पाहिलं, झकास झालं. तेव्हा निश्चिंत मनाने त्याने बाकीची सगळी कोरी केली आणि दिवस कलताना बटणं दाबली. एकही चढलं नाही. काळ्या पडद्यावर तीच ओळ, बूट फाइल मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक लावून पाहिलं तर सुतासारखं सरळ. मग डोंगरातली वीज गेली ती संध्याकाळीच आली, आणि संध्याकाळी पुन्हा तोच तमाशा. त्याने तारा बदलल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, मशीनच्या आतल्या सेटिंग एकेक करून तपासल्या. दोष असा जागेवर सापडेना. दिवसा शहाण्यासारखी वागणारी मशीन संध्याकाळी वेड्यासारखी का करतात, हे त्याला कळेना, आणि न कळणं त्याला कधीच सोसत नाही.

शाळेचे अधीक्षक उमाकांत सर. माणूस तसा वाईट नाही, पण वरून फोन आला की खालच्यावर ओरडणाऱ्यांतला. कागदावर शुद्ध मराठी लिहितात आणि राग आला की अहिराणीत उतरतात. तिसऱ्या दिवशीही वीज थेट संध्याकाळीच आली, तेव्हा ते लॅबमध्ये आले तेच अहिराणीत.

"दिवसले चालस आनि सांजले बंद पडस, म्हंजे सांजले कोनी तरी हात लावस," ते म्हणाले. "लॅबनी चावी आशाकडे ऱ्हास. तू माले फक्त दाखाड. ती कंत्राटवर शे, उद्या तिले घर धाडसू."

आशा गावित दारातच उभी होती. लॅबची देखरेख तिच्याकडे, आणि जमेल तसं मुलींचंही सगळं तिच्याकडे. सर गेल्यावर तिने स्टुलं एकावर एक रचायला घेतली. रचायची गरज नव्हती, ती आधीच रचलेली होती.

खरं म्हणजे नाव सांगणं हा इमॅन्युएलच्या हातचा मळ. कोणाची नोकरी जाईल, कोणाची राहील, हे त्याने कधी आपल्या डोक्यावर घेतलं नव्हतं. खरं ते खरं. त्या संध्याकाळी तो एका कोऱ्या कॉम्प्युटरपुढे बसला आणि ठरवलं की आज बटण दाबल्यावर पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचायचं.

बाहेर व्हरांड्यातून मुली चालल्या होत्या. डोक्याला चोपून तेल, घट्ट वेण्या, रिबिनी, अंगात चांगले फ्रॉक. वार तर साधा बुधवार. काहीतरी कार्यक्रम असेल, असं म्हणून तो पुन्हा पडद्याकडे वळला.

आणि मग त्याला दिसलं. मशीनला पत्ता मिळत होता. मिळत नव्हता असं नव्हतंच. पण त्याचा सर्व्हर जे पत्ते वाटतो त्यांतला तो नव्हता, आकडे भलतेच होते.

"दुसराच कोणी उत्तर देतोय," तो मोठ्याने म्हणाला.

मागे स्टुलाचा आवाज थांबला. इमॅन्युएलने ते ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. आता चोर कुठे आहे एवढंच शोधायचं राहिलं होतं, आणि त्याची रीत सोपी होती. सगळ्या तारा ज्या स्विचला येऊन मिळतात, तिथून एकेक तार काढायची आणि भलतं उत्तर कधी बंद होतं ते बघायचं. त्याने पहिली काढली, परत लावली. दुसरी काढली, परत लावली. अगदी कडेची, धूळ न बसलेली एक तार काढली आणि उत्तर थांबलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडे मुलींचा गलका उठला.

"ताई, कट झालं. ताई, कट झालं."

तार खिडकीच्या चौकटीतून पलीकडच्या शिवणवर्गात गेली होती. तो तिच्यामागे गेला. शिलाई मशीनच्या टेबलावर एक छोटा वायफायचा डबा, त्यावर भरतकामाचा रुमाल. शिलाई मशीनला टेकवून ठेवलेला एक मोबाइल. पुढे चटईवर ओळीने बसलेल्या मुली, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे.

आशा त्याच्या मागोमाग आली. "मीच लावलाय," ती म्हणाली. "डबा माझ्या भावाच्या घरचा, फोन माझा. इथे मोबाइलला रेंज नाही, नेट येतं ते फक्त लॅबच्या तारेतून, तुम्हाला माहीत आहे. ह्यांचे आईबाप गुजरातेत ऊसतोडीला. गाडी भरून झाली की संध्याकाळीच त्यांना फोन हातात धरता येतो."

"विचारायचं नाही आधी?"

"विचारलं होतं. सर म्हणाले, विचार करू. ऊस तर दिवाळीपासून सुरू झाला, भाऊ."

"आणि हे नटणं?"

"आई आधी डोकंच बघते. तेल लावलं की नाही, कोणी विंचरलं की नाही. बोलणं नंतर."

मशीनचा सगळा उलगडा झाला होता. कोरा कॉम्प्युटर हाक घालतो आणि जो आधी ओ देतो त्याचं ऐकतो. डबा जवळचा आणि चपळ, तो सर्व्हरच्या आधी ओ द्यायचा. पत्ताही द्यायचा. पण सिस्टीम कुठे आहे हे बिचाऱ्याला काय ठाऊक. दिवसा आशा तो बंद ठेवायची, म्हणून दिवसा सगळं सुरळीत. असा अवघड दोष सापडला की इमॅन्युएल एरवी खूश होतो. आज त्याला खूश होता येईना.

त्याची आई रूपीबाई अशीच उसाला जायची. ज्या वर्षी तिने त्याला पहिल्यांदा वसतिगृहात ठेवलं, त्या वर्षी दिवाळीनंतर तिचा आवाज नाही, निरोप नाही. उन्हाळ्यात ती थेट फाटकापाशी येऊन उभी राहिली. उन्हाने रापलेली, खंगलेली, डोक्याला फडकं. फाटकाशी खेळणाऱ्या इमॅन्युएलने तिच्याकडे बघून विचारलं, कोण पाहिजे? तिने रागवायला हवं होतं, ती रागावली नाही. हसली आणि म्हणाली, तूच पाहिजे. हे त्याने प्रिस्किलाला सोडून कोणालाही सांगितलेलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाजवळही एखादं खरं असतं, जे तोंडातून निघत नाही.

तो लॅबमध्ये परत गेला. बटणं दाबलेली सगळी मशीन त्याने बंद केली. मग ती कडेची तार उचलून स्विचमध्ये घट्ट बसवली. पलीकडे पुन्हा आवाज सुरू झाले.

तेवढ्यात सर आले. अंधारलेले पडदे पाहून ते तडक आवाजाच्या दिशेने शिवणवर्गात शिरले, आणि इमॅन्युएल त्यांच्या मागे.

"सापडनं का?"

"सापडलं, सर."

"कोन शे?"

आशाने मान खाली घातली.

"हा डबा आत्ता मी लावला," इमॅन्युएल म्हणाला. "त्याआधी दिवाळीपासून आशाताई लावत होत्या. हा सर्व्हरच्या आधी उत्तर देतो, म्हणून काम अडलं. पण भलत्याचं उत्तर चालवून घ्यायचं नाही, हे जूनमध्येच स्विचमध्ये सांगून ठेवता येत होतं. ते माझं काम होतं, मी केलं नाही. आणि ताईंनी विचारलं तेव्हा तुम्ही विचार करू म्हणालात, तो अजून चाललाय. म्हणजे तिघं झालो. सकाळी सगळ्या मशीनवर सिस्टीम चढवून देतो, आणि ह्या डब्यालाही वेगळी वाट करून देतो, म्हणजे दोघांची गाठ पडणार नाही. पण आज हे बंद करायचं नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. अधीक्षकाला त्याच्याच शाळेत असं कोणी मोजत नाही. ते बोलणार इतक्यात दामिनी नावाची एक मुलगी फोन घेऊन उठली आणि सरळ त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मोठ्यांच्या भांडणाकडे तिचं लक्षच नव्हतं.

"सर, आईला तुमच्याशी बोलायचंय."

पडद्यावर ट्रकच्या उजेडात एक बाई होती, मागे उसाच्या मोळ्या. ती भराभर मावची बोलीत बोलू लागली. सर धुळ्याकडचे, त्यांना त्यातलं काही कळेना.

"काय सांगी ऱ्हायनी ती?" त्यांनी विचारलं.

इमॅन्युएल सांगू लागला. त्याच्या स्वभावाप्रमाणे एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"ती म्हणते, सर, यंदा हिला बरोबर न्यायचं ठरलं होतं, धाकट्याला सांभाळायला. ती म्हणते, मोठीला अशीच एक वर्षापुरती नेली होती, ती परत शाळेत बसलीच नाही. यंदा हीच म्हणाली, शाळेत फोन लागतो, आई, रोज दिसशील. म्हणून ठेवली. ती म्हणते, ही फोनची सोय तुम्ही केलीत." पुढचंही त्याने तसंच सांगितलं. "ती म्हणते, तुमच्या लेकरांचं भलं होवो."

बाई बोलायची थांबली होती. तिने आभार मानले होते आणि आता ती सरांच्या उत्तराची वाट बघत होती. सरांनी एकदा आशाकडे पाहिलं. इमॅन्युएलकडे त्यांना बघवलं नाही. एरवी पंधरा ऑगस्टला माइक न सोडणाऱ्या माणसाला दोन शब्द जुळवता येईनात.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिले सांग, उद्या बी लागी फोन."

इमॅन्युएलने ते मावचीत सांगितलं. सरांनी म्हटलं होतं तेवढंच सांगितलं, पदरचं काहीच घातलं नाही. मग तो मुलींच्या रांगेत चटईवर बसला.