चांगुणाआत्याची दहा मिनिटं

प्रदीपनं चांगुणाआत्याच्या डोळ्यांत जे थेंब घातले, ते मुळात त्याच्या डोळ्यांसाठी आणलेले होते. तेही डोळे येण्याच्या मागच्या साथीत. बाटली उघडून सहा महिने झाले होते. "औषध हाय, ताक न्हाई नासायला," असं त्यानं ठामपणे सांगितलं. बारावी सायन्सचा माणूस, ठामपणा कुठं कमी पडणार! सकाळी आत्याच्या पापण्या गांधीलमाशी डसल्यासारख्या टम्म.

आत्याचं पोट डोळ्यांवर होतं. भरे गावातून ती पिरंगुटच्या कारखान्यात रबरी वायसर तपासायला जायची. दिव्याखाली एकेक फिरवायचा, केसाएवढी चीर दिसली की लाल डब्यात. एकवीस वर्षं हेच. महिनाभर पापण्यांच्या कडा खाजत होत्या, सकाळी खपल्या धरून चिकटत होत्या. आता तर पुसटच दिसायला लागलं. सुपरवायझर दादासाहेब म्हणाले, "आठ दिवस घ्या बाई. डोळे निवळले तर टेबल तुमचं, न्हाईतर तुमाला झाडलोटीला टाकावं लागंल."

डॉक्टरीणबाईंनी आधी बाटली बघितली, मग प्रदीपला. बाटलीकडे जरा जास्त मायेनं.

"हे फेका. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबल्यात. सोसेल इतक्या गरम पाण्यात फडकं पिळून मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवायचं. मग पापणी बोटानं हलकेच चोळायची, आणि उकळून निववलेल्या पाण्यात कापूस बुडवून कडा पुसायच्या. सकाळ-संध्याकाळ. काजळ बंद. डोळा ठणकला, दिसणं कमी झालं, तर लगेच इकडं या."

"आन औषध?" आत्यानं विचारलं.

"हेच औषध."

आत्याचा विश्वास बसेना, आणि मुख्य म्हणजे आत्याही बसेना. दिवसाउजेडी डोळे मिटून स्वस्थ राहणं तिनं जन्मात केलं नव्हतं. दुसऱ्याच मिनिटाला ती फडकं धरून गॅसकडे निघाली.

"आत्या, बस की!"

"दूध उतू जाईल."

"मी बघतोय."

"तू बघतुयास म्हणून तर भ्या वाटतंय."

फडकं पटकन गार व्हायचं. म्हणून प्रदीप दोन फडकी घेऊन पातेल्यापाशी बसायचा. पिळलेलं आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा, मग आत्याला द्यायचा. शेजारचे नथूभाऊ दारातून डोकावले.

"चांगुणाबाई, विपश्यनेला बसलात काय?"

"व्हय."

"मग बोलताय कशा?"

"तोंडाचं औषध न्हाई दिलं बाईंनी."

चौथ्या दिवशी खपल्या सुटून आल्या. सातव्या दिवशी सकाळी डोळे पाणी न मारता उघडले. आत्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली होती, तारखांखालच्या बारीक अक्षरांसकट. आठवड्यात पहिल्यांदा प्रदीपला नाष्टा गोड लागला.

नवव्या दिवशी त्यानंच तिला गाडीवरून सोडलं. दादासाहेबांनी गेटवरच मूठभर वायसर तिच्या हातात ठेवले. आत्यानं फिरवून फिरवून एक बाजूला काढला. दादासाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, शेवटी नखानं चाचपलं तेव्हा चीर सापडली.

"बसा बाई टेबलावर."

प्रदीपनं सोडलेला श्वास वॉचमनलाही ऐकू गेला.

टेबलावर पोचल्यावर आत्याला कळलं की तिच्या वाट्याचे वायसरचे ट्रे कधी तुंबलेच नव्हते. शेजारच्या टेबलावरची अलमास रोज जेवणाच्या सुट्टीत अन् सुटल्यावर थांबून ते तपासून काढत होती, म्हणून दुसरी बाई बसवायची वेळ आली नव्हती.

"तुला सुट्टी लागली की तुझे ट्रे मी काढीन. आठ दिवस," आत्या म्हणाली.

"बहिणीच्या लग्नाला घेईन की मावशी."

बहिणीसाठी स्थळं बघणं अजून चालूच आहे. आत्याचं फडकंही रोज सकाळी चालू आहे, आणि अलमासचे आठ दिवस तिच्याकडे तसेच जमा आहेत.