बाहेर जाणारी पावलं

त्या वर्षी महालक्ष्म्या बसवायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. सासूबाईंपुढे बोलायची छाती नव्हती, पण मनातल्या मनात देवीशी माझं कडाक्याचं भांडण चाललं होतं. कारण शेजारची खुकू. आम्ही रायपूरकडे चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचो, आमचे हे गार्ड होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बंगाली जोडपं होतं. बाईला सगळे बौदी म्हणत, म्हणजे आपली वहिनी. तिनं आपल्या बहिणीची ही सहा-सात वर्षांची पोर रायपूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीतून घरी आणली होती. पूर्व पाकिस्तानातून पळून येताना पोरीची आई वाटेतच गेली. कशी गेली ते एकट्या खुकूला ठाऊक, आणि खुकूची तर वाचाच बसलेली. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की ती खाटेखाली शिरायची, कोणी काढायला गेलं की कडकडून चावायची. जिनं या लेकराची माय राखली नाही, त्या देवीचे लाड मी काय म्हणून करू?

आवाहनाच्या दिवशी दुपारी बौदी रडतच आली. नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं, पोर आपल्याला झेपत नाही, उद्या सकाळच्या गाडीनं परत छावणीत सोडायची. "दीदी, शाम तक इसको रख लो, मैं उनको समझाती हूँ," म्हणाली आणि खुकूला माझ्या दारात बसवून गेली. घरात बसून जी घास गिळत नाही, ती त्या गर्दीत एकटी जगणार कशी?

मी मखराच्या नादात होते. तेवढ्यात यार्डात डबे आदळले, धाडकन. वळून बघते तर दारात पोर नाही. खाटेखाली नाही, अंगणात नाही. अंगणापलीकडे तर थेट रूळच होते. धावत स्वयंपाकघरात गेले तर बाईसाहेब तिथं. उद्याच्या नैवेद्याच्या आंबिलीसाठी सोवळ्यात भिजवलेलं ज्वारीचं पीठ, त्यात कोपरापर्यंत हात! "अवं कार्टे, काय करून राहिली तू?" मी ओरडले. तिनं मान वर केली नाही. पातेलं ओढत ती बाहेरच्या खोलीत गेली. मूठ पिठात बुडवून फरशीवर टेकवायची, वर बोटानं पाच ठिपके द्यायचे. लक्ष्मीची पावलंच ती. आम्ही कोरड्या रांगोळीनं काढतो, बंगाल्यांकडे ओल्या पिठानं काढतात, एवढाच काय तो फरक.

पण सासूबाई बघतात तर काय, पावलं घरातून बाहेर चाललेली! "अगं माय! लक्ष्मी घर सोडून जाऊन राहिली! पूस आधी ते, मुखवटे आणायची वेळ झाली. कावून उभी हायेस?"

मी ओलं फडकं घेऊन वाकले आणि खुकू त्या पावलांपुढे आडवी पडली. चावली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला नीट दिसलं. मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं होती. उंबऱ्याच्या अलीकडे मोठी पावलं थांबली होती. लहान तेवढी पुढे, एकटीच बाहेर गेली होती.

"आई, मले नाही पुसवत," मी म्हटलं. सासूबाई जवळ आल्या, वाकून बघितलं आणि माझ्या हातातलं फडकं काढून बाजूला ठेवलं. "इथंच गेली का वं हिची माय?"

आता काय करायचं? उलट्या पावलांवरून देवीला आत आणणं म्हणजे अपशकुन, आणि पुसायला हात धजेना. मी मुखवट्यांचं ताट उचललं, मागच्या दारानं फिरून बाहेरून उंबऱ्याशी येऊन उभी राहिले आणि डोळे मिटून म्हटलं, "माय, माझी अक्कल संपली. आता तूच बघ."

पुन्हा डबे आदळले. खुकू दचकली. पळणार, असंच मला वाटलं. पण तिनं मूठ पिठात बुडवली आणि उंबऱ्यावर टेकवली. या खेपेला बोटं आतल्या बाजूला! एक लहान पाऊल, शेजारी दोन मुठी जोडून एक मोठं. पुन्हा लहान, पुन्हा मोठं. ती काढत गेली आणि मी ताट घेऊन तिच्यामागून एकेक पाऊल टाकत गेले. आमच्यात देवी आत येताना एकीनं विचारायचं आणि आणणारीनं तिचं नाव घ्यायचं. सासूबाईंनी विचारलं, "कोण आलं वं?"

मी नाव घ्यायच्या आधीच खालून घोगरा आवाज आला, "मा."

मागे दारात बौदी आणि तिचा नवरा पोरीला न्यायला आले होते. दोघांनीही ते ऐकलं. तो भला माणूस तिथंच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. सकाळच्या गाडीनं कोणी गेलं नाही.

बोलणं काही लगेच परत आलं नाही. रोज दुपारी मी तिला वाटीभर भिजवलेलं पीठ द्यायची आणि फरशी मोकळी करून द्यायची. ती होड्या काढायची, केळीची झाडं काढायची, एकदा जळकं छप्पर काढलं. आम्ही काही विचारायचो नाही, जवळ बसून राहायचो. हळूहळू ती पोटभर जेवायला लागली, मग बोलायलाही लागली.

तिनं 'मा' कोणाला म्हटलं, आईला की देवीला, ते मी कधी विचारलं नाही. मला एवढंच कळतं की मी हात टेकले आणि त्या घटकेला देवीनं लेकराचा हात धरला. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. देवीशी मी अजूनही भांडते, पण आता आधी हात जोडते आणि मग भांडते.