होळीत गेलेला रंगमंच

आमच्या जुन्या नाट्यगृहाला पुन्हा रंगमंच बसतोय. दुरुस्ती समितीत मीही आहे, पण आत जायला पाय उचलत नाही. सुतार जेवायला बसले, हातोडे थांबले, की मला आतून टाचांचा आवाज येतो. टक. थोडं थांबून पुन्हा टक.

इथं एक राखणदार होते. प्रयोगाआधी ते अनवाणी फळ्यांवरून फिरायचे, टाच आपटत. सैल फळी पायालाच कळते म्हणायचे. पुढे नाटकं बंद पडली, मालकानं निम्म्या जागेत सुताचं गोदाम केलं, तरी त्यांची फेरी चुकली नाही.

आमच्याकडे होळीचं लाकूड चोरूनच आणायचं. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. ज्याचं गेलं तो चार शिव्या घालतो आणि संध्याकाळी नारळ घेऊन पूजेला येतो. त्या वर्षी आपली होळी शेजारच्या आळीपेक्षा उंच हवी म्हणून आम्ही पोरांनी मंचाच्या सागवानी फळ्या उचकटल्या. कल्पना माझी, पहारही माझी. "बंद तर पडलंय, कुणाला काय करायचंय?" हेही मीच म्हणालो.

मालकानं मात्र राखणदारावर आळ घेतला. फळ्या विकल्यास म्हणून हाकलून दिलं. मी उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. ते शेलारला, आपल्या गावी, गेले आणि तिथंच वारले.

मागच्या बैठकीला त्यांची मुलगी आली होती. "उद्घाटनाचा एक नारळ बाबांच्या नावानं फोडा, बास."

एक सभासद हसले. "अहो ताई, मंच विकणाऱ्याच्या नावानं?"

"विकला नाही," मी म्हणालो. "मी होळीत घातला."

ती माझ्याकडे वळली. "बाबांना म्हाईत होतं. पूजेला आलते ना, जळताना वळखल्या त्यांनी फळ्या. बोलले, पोरांची होळी हाय, पोरंच येऊन सांगतील. मरेस्तोवर रस्त्याकडं बघायचे."

मी हात जोडले.

"मला नको. गावात मी अजून चोराची पोर हाय. तिथं येऊन बोला."

काल गेलो. देवळापुढे माणसं जमली होती. सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "यवढी वर्षं कुठं व्हतास?"

परतताना तिच्या दारावरून आलो. दार उघडं होतं, ती उंबऱ्यात बसली होती. आत या, असं ती म्हणाली नाही.